टिचकी

हेड ट्यूबच्या खाली, वेल्डिंगच्या काठाला
केसाएवढी रेघ.
आधी वाटलं, कोळ्याचा धागा असेल,
अकरा वर्षं गॅरेजात उलटी टांगलेली सायकल.
अंगठा फिरवला. नखाला लागली.

शर्वीने विचारलं होतं, "बाबा, हिला सीट कुठंय?"
नसते.
"मग बसायचं कुठं?"
बसायचं नसतंच हिच्यावर.
सात वर्षांच्या पोरीला हे पटलं नाही,
खरं तर तिच्या आईलाही कधी पटलं नव्हतं.

रेघ सापडायच्या आधीचे तीन रविवार मात्र माझे.
हॅलिफॅक्सचा तो उतार, कालव्याकाठची
गालिच्यांची बंद गिरणी, तिच्यामागचा फरसबंद चौक.
पहिल्या रविवारी नुसता उभा राहिलो,
पेडलवर, दोन्ही ब्रेक आवळून, जागच्या जागी.
नऊ सेकंद.
इथेच डेसमंड अख्खं सँडविच संपवायचा
चाक न हलवता, वर बोटं चाटायचा.
दुसऱ्या रविवारी फुटपाथची कड.
तिसऱ्याला दोन पॅलेट, एकावर एक,
मागच्या चाकावर उडी, मग अजून एक,
आणि ग्राइंडरने खरवडलेल्या रिमवर
ब्रेकची ती जुनी किंकाळी.
बदकं उडाली, पूर्वीसारखीच शिव्या देत.
गुडघा दोन दिवस कुरकुरला. कुरकुरू दिला.

सॉवरबी ब्रिजला बॅराक्लफच्या दुकानात
तीन फ्रेम हुकांवर लटकत होत्या,
चाकं नाहीत, हँडल नाही, सोललेल्या.
"तुझी एक हजार दहाची," तो टेप गुंडाळत म्हणाला,
"आता सगळ्या लांब झाल्यात, पेडलचा आसही वर गेलाय.
हल्लीची पोरं मागच्या चाकावरच राहतात,
पुढचं चाक म्हणजे पाहुणा."
पहिली करंगळीवर उचलली गेली.
दोन मोसम टिकेल, त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.
दुसरी संत्र्याच्या रंगाची, लांबलचक,
तिच्याकडे पाहूनच पोटऱ्या दुखल्या.
तिसरी बिनरंगाची. दोनशे ग्रॅम जास्तीची.
जोड जाड, गोधडीच्या टाक्यांसारखे दिसणारे.

इचलकरंजीच्या बाजारात आई माठ घ्यायची
कानाशी धरून, टिचकी मारून,
पाच-सहा नाकारून, कुंभार वैतागेपर्यंत.
मला तेव्हा लाज वाटायची, मी दुसरीकडे बघायचो.
आता मीच वाकलो, खालच्या नळीवर टिचकी मारली.
आवाज गेला, जात राहिला.
संत्र्याचा लवकर थांबला. हलकीचा कागदासारखा.
बॅराक्लफ बघत होता, भुवया वर करून.
"यॉर्कशायरमध्ये आम्ही पावती बघतो," म्हणाला.

चारशे साठ पौंड.
घरी बॉयलर ऑक्टोबरपासून खोकतोय.
आकडा सांगितला तेव्हा केतकी मटार सोलत होती,
मान वर न करता म्हणाली,
"बॉयलरवाल्याला मार्चमध्ये बोलावू. स्वेटर आहेत."
मग थोड्या वेळाने, "मनगटाचं काय?"
मनगटाचं मी काही बोललो नाही.

जुनीचे ब्रेक, जुनाच फोर्क, जुनीच चाकं नवीवर चढली.
तड्याची फ्रेम शर्वीने मागून घेतली,
खोलीत खिडकीशी उभी केली,
तिला टिचकी मारली. बद्द.
मग स्वतःच्या कपाळाला मारून पाहिली.

रविवारी गिरणीमागे छातीएवढी भिंत.
तीच ती, वाळूच्या दगडाची,
अकरा वर्षांपूर्वी जिच्यावरून मनगट घेऊन खाली आलो.
समोर जाऊन थांबलो. आज उडी नाही.
नुसतं उभं राहायचं, पेडलवर, तिच्याकडे तोंड करून.
शर्वी पॅलेटवर बसून मोजत होती, मोठ्याने, मराठीत,
कारण मराठीत मोजलं की सेकंद लांबतात, असं ती म्हणते.
नवी फ्रेम उंच आहे, तोल वेगळ्या जागी सापडतो,
बेंबीच्या जरा वर.
पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस.
ती अडखळली. विचार केला.
"वीसनऊ," म्हणाली.
मी दुरुस्त करायला तोंड उघडलं
आणि पाय जमिनीला लागला.